शेवटच्या चार सऱ्या



मागच्या खुर्च्या अजून भरतायत. भरू द्या. हंगाम ऐन भरात आहे, त्यामुळे आज इंदापूरहून बारामतीला वेळेवर पोचणं कुणाच्याच हातात नाही. मी स्वतः भवानीनगरच्या अलीकडं एका जोडट्रॉलीच्या मागं अर्धा तास होते. ट्रॉलीतून एखाददुसरा ऊस निसटून रस्त्यावर पडत होता, सायकलवरची दोन पोरं तो गोळा करत होती, आणि मी ती करकरत चाललेली भिंत बघत आजच्या भाषणाचा पहिला परिच्छेद खोडत होते. महिन्याभरापूर्वी हीच भिंत कुणाच्यातरी रानात उभी होती. तिच्या आत काय होतं, हे बाहेरच्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, ते मराठी शिकवायचे. मोरोपंतांच्या गावात मराठी शिकवणाऱ्याला आर्या चुकत नाहीत. त्यांनीही त्या इमानानं शिकवल्या. पण ऑफ तासाला त्यांच्या पिशवीतून नारायण धारपांचं पुस्तक निघायचं, ग्रंथालयाचा जांभळा शिक्का असलेलं, पुठ्ठा सुटलेलं. सर वाचायचे आणि ऐन ठिकाणी थांबायचे. आम्ही ओरडायचो. मग ते विचारायचे, ‘भीती वाटायला कधी लागली? शेवटच्या ओळीला नव्हे, त्याच्या कुठंतरी आधी. ती ओळ शोधा.’ आम्ही पुस्तकावर झडप घालायचो, पण एक ओळ कधीच ठरायची नाही. प्रत्येकाची वेगळी निघायची.

आज मी ती ओळ एका चित्रपटात शोधणार आहे. व्याख्यानमालेत भुताचा सिनेमा कशाला, असं दोघांतिघांनी फोन करून विचारलं. सर असते तर त्यांनी विचारलं नसतं.

१४ जुलै २०१७ ला ‘लपाछपी’ प्रदर्शित झाला. विशाल फुरिया यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. पूजा सावंत, विक्रम गायकवाड, अनिल गवस आणि उषा नाईक. महत्त्वाची माणसं एवढीच. गोष्ट दोन ओळींत सांगता येते. नेहाला आठवा महिना लागलाय. नवरा तुषार देण्यात बुडालाय आणि पैसेवाले मागावर आहेत. त्यांचा ड्रायव्हर भाऊराव म्हणतो, आमच्या घरी चला, तिथं कुणाला पत्ता लागणार नाही. ते घर उसाच्या मधोमध आहे. तिथं भाऊरावची बायको तुळसाबाई आहे. आणि लवकरच नेहाला पोरांचे आवाज येऊ लागतात, खेळणाऱ्या पोरांचे.

शेवट मी सांगत नाही. चित्रपटाचा विषय स्त्रीभ्रूणहत्या आहे, हे आता उघडच आहे, त्यामुळे तेवढं लपवण्यात अर्थ नाही.

मी तो पुण्यात पाहिला. बाहेर पाऊस होता. इंग्रजीत या प्रकाराला ‘स्लो बर्न’ म्हणतात. मराठी परीक्षणांतही हल्ली तोच शब्द येतो. त्याचं शब्दशः भाषांतर केलं तर गॅसच्या जाहिरातीसारखं वाटतं. आपल्याकडं त्याला चांगला शब्द आहे, ‘धुमसणं’. पाचट पेटवल्यावर जाळ पाच मिनिटांत उठतो आणि बसतो, तो पोरंही बघतात. खरी काळजी दुसऱ्या दिवशीची. वरून काळं, गार दिसणारं रान बांधाच्या कडेला आतून धुमसत असतं आणि वारा फिरला की शेजाऱ्याचा खोडवा जातो. आणखी जवळची उपमा हवी असेल तर दचकवणारा भयपट म्हणजे मेथी: महिन्याभरात जुडी बाजारात. आणि हा दुसरा प्रकार म्हणजे आडसाली ऊस. जुलैत लागण करायची, सोळा-अठरा महिने वाट बघायची. लागणीच्या वेळी रानाच्या या टोकावरून त्या टोकाची शेळी दिसते. पुढं रोज थोडी थोडी दिसेनाशी होते. कोणत्या दिवशी दिसायची बंद झाली, हे कुणी सांगू शकत नाही. सरांची ती ओळ हीच.

म्हणून माझं म्हणणं आहे की फुरियांनी जागा निवडली तिथंच अर्धा सिनेमा झाला. वाडा आपल्याकडं घासून घासून गुळगुळीत झाला होता. करकरणारं दार, कंदील, मागं कोळ्यांची जाळी. उसाला दारच नाही.

थोडं मागं जाते. या दोन तालुक्यांत ऊस तसा कालचा. इंदापूर तालुका इतिहासात नोंदला गेला तो कोरडा म्हणून. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातली नव्या पद्धतीची जमीन मोजणी आणि सारा आकारणी इथूनच सुरू केली, कारण आधीच्या साऱ्यानं इथलं रान ओसाड पडत चाललं होतं. मोजणीदाराला सोपा मुलूख होता. साखळी टाकली की नजर जाईल तिथपर्यंत माळ. अशा माळावर भुताची फार अडचण होते. त्याला एखादा पिंपळ लागतो, पडकी विहीर लागते, निदान ओढ्याचं वळण लागतं. आपली जुनी भुतं बघा, सगळ्यांचे पत्ते ठरलेले आहेत. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यात, वेताळ गावाबाहेर. माणसाला कुठून जायचं नाही ते ठाऊक असायचं.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, आणि त्यानंतरच्या दशकात नीरेचा डावा कालवा आला. भाटघरचं पाणी आलं. पुढं वालचंदनगर उभं राहिलं, नंतर माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती असे सहकारी कारखाने. ऊस पसरत गेला. कालव्यासोबत या मुलखातली भीतीसुद्धा बागायती झाली, असं मी म्हणते. ती ठरलेला पत्ता सोडून सगळीकडं उगवायला लागली.

माझं माहेर टेलचं. टेल म्हणजे काय ते इथं सांगायला नको. पुण्यात सांगावं लागतं. कालव्याच्या शेपटाकडचं गाव, जिथं पाण्याची पाळी येते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. वडील बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. कधी माझा भाऊ सोबत, कधी मी. ज्यांनी रात्री उसाला पाणी दिलंय त्यांना कुठल्याही दिग्दर्शकानं भीती शिकवू नये. सरी सरळ असते, अगदी आखून काढलेली. तरी आत दहा पावलं गेलं की दिशा जाते, कारण वरून दोन्हीकडची पानं एकमेकांत गुंततात आणि आभाळ बंद होतं. आत हवा हलत नाही. उकडतं. पानाच्या कडा दंड आणि गाल कापतात, बारीक कूस अंगभर चरचरते. आणि सळसळ. वारा नसला तरी ती थांबत नाही. कोल्हा गेला, घूस गेली, पाणी सरीत शिरलं, माणूस आला, सगळ्यांचा आवाज एकच. शहरातल्या भयपटाला शांतता निर्माण करावी लागते, मग ती मोडता येते. उसात शांतता कधी नसतेच, त्यामुळं मोडली कधी ते कळत नाही.

‘चकवा’ हा शब्द तुमच्या घरात असेलच. चालत राहायचं आणि फिरून तिथंच यायचं. त्यावर उपाय सांगतात तो असा की धावायचं नाही, आहे तिथं बसून उजाडायची वाट बघायची. नेहा हा उपाय करत नाही. ती धावते. त्या चित्रपटातली सर्वांत चांगली दृश्यं तीच आहेत, आठ महिन्यांची गरोदर बाई उसाच्या सऱ्यांमधून जिवाच्या आकांतानं पळते आहे आणि प्रत्येक सरी मागच्या सरीसारखीच आहे. तिथं भूत दाखवायची गरजच उरत नाही. भाऊरावच्या घरात तिला भीती वाटते तेव्हा मी खुर्चीत टेकून होते. ती उसात शिरली तेव्हा मी पाय वर घेतले. पन्नाशीच्या बाईनं मल्टिप्लेक्समध्ये पाय वर घ्यावेत हे शोभत नाही, पण घेतले.

पहिल्याच चित्रपटाला हा प्रकार का निवडतात याचं एक कोरडं कारणही आहे: पैसा. एक घर, चार नट, आणि अंधाराला भाडं नसतं. जगभर गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे झालंय. ऑस्ट्रेलियात जेनिफर केंट यांचा ‘द बाबादूक’ २०१४ चा, इराणी कुळाचे बाबक अन्वारी यांचा ‘अंडर द शॅडो’ २०१६ चा. हे दोन्ही त्यांचे पहिले चित्रपट, आणि दोन्हींत एकटी पडलेली आई आणि लेकरू. अन्वारींचा तर तेहरानच्या एका इमारतीत घडतो. वर बाँब पडतायत, शेजारी घरं सोडून चाललेत, आणि वाऱ्याबरोबर काहीतरी आत येतं. पण मला ‘लपाछपी’चा सख्खा भाऊ वाटतो तो रॉबर्ट एगर्स यांचा ‘द विच’, २०१५ चा. सतराव्या शतकातलं अमेरिकेतलं एक धर्मभोळं कुटुंब वस्ती सोडून रानाच्या कडेला राहायला येतं. त्यांचं मक्याचं पीक कुजलंय. मोठी मुलगी तान्ह्या भावाशी खेळतेय, आपण ‘बुवा… कुक!’ म्हणतो तेच. डोळे झाकले, उघडले, कुक. पुन्हा झाकले, उघडले. तिसऱ्या-चौथ्यांदा उघडले तर दुपट्यावर बाळ नाही. किंकाळी नाही, संगीत नाही. मागं रानाची कड तेवढी हलतेय. लपण्याचा खेळ जगातल्या सगळ्या लेकरांना पहिल्यांदा कळतो आणि सगळ्या आयांना शेवटपर्यंत पुरतो. फुरियांनी नाव ‘लपाछपी’ ठेवलं तेव्हा ते या जुन्या नाडीवरच बोट ठेवून होते.

घरातलं उदाहरण ‘तुंबाड’चं. राही अनिल बर्वे यांचा पहिला चित्रपट, हिंदी असला तरी हाडानं मराठी. २०१८ मध्ये आला, त्याआधी सहा वर्षं चित्रण, ते टाकून पुन्हा चित्रण असं चाललं होतं. तेव्हा फारसा चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावलं. राही हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव, आणि चित्रपटाचं मूळ बीज आपल्या सरांच्या पिशवीतल्या धारपांचं. तुंबाडमध्ये जे काम पाऊस करतो ते लपाछपीत ऊस करतो, एवढंच सांगून पुढं जाते. खरं तर ‘तुंबाड’वर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. पण त्यातली एक गोष्ट इथं लागेल. त्यातही सुरुवातीला घरात एक म्हातारी आहे, साखळदंडानं बांधलेली, जागी झाली की खायला उठणारी. आणि लपाछपीत तुळसाबाई.

उषा नाईक यांची तुळसाबाई मी विसरू शकत नाही. ती ओरडत नाही. मायेनं वागते. ताटात वाढते, आणखी वाढते, समोर बसून बघते. बाईचं पोट बघायची आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची एक नजर असते, चालण्यावरून मुलगा की मुलगी सांगणारी. त्या नजरेत आपुलकी किती आणि हिशेब किती, हे ज्यांचं ओटीभरण झालंय त्या बायकांना विचारा. उषाबाईंनी तो हिशेब डोळ्यांत ठेवलाय आणि आवाजात येऊ दिलेला नाही. त्यांच्या ताटाला मी जास्त घाबरले. पडद्यावर भूत असतं तेव्हा निदान ते भूत आहे हे माहीत असतं.

आता माझी तक्रार. ती चित्रपटाच्या उत्तरार्धाबद्दल आहे. आधी आडसालीच्या गतीनं वाढलेली भीती तिथं भराभर तोडायला घेतलीय. सगळं सांगितलं जातं, कोण कोणाचं, काय झालं, का झालं. प्रश्नाला उत्तर मिळतं आणि उत्तराला बोधही चिकटतो. भयपटाला बोध चिकटला की भीती सुटते, जसा गूळ जास्त कढला की पाक पुढं जातो. फुरियांनी तोच चित्रपट २०२१ मध्ये ‘छोरी’ म्हणून हिंदीत केला, नुसरत भरुचा यांना घेऊन. तिथं बोध आणखी मोठ्यानं बोलतो. मला मराठी जास्त आवडतो, आणि ते निव्वळ भाषेच्या प्रेमापोटी नाही.

पण माझी खरी तक्रार याहून खोल आहे आणि ती एकट्या फुरियांकडं नाही. ती ‘तुंबाड’कडंही आहे, धारपांकडंही, आणि आपल्या प्रत्येकाच्या रात्रीच्या गोष्टींकडं. आपण भूत ठरवायला बसलो की म्हातारीच का उभी करतो?

आकडे बघू. कंटाळा करू नका, दोन मिनिटं. शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागं मुली किती, असं जनगणना मोजते. महाराष्ट्रात १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. पुणे जिल्हा २००१ ला ९०२, २०११ ला ८८३. आणि २००१ ला कोल्हापूर ८३९, सांगली ८५१. कोल्हापूर आणि सांगली म्हणजे काय, माळ? दुष्काळ? नव्हे. ऊस, सहकार, शिक्षण, दूध, पतसंस्था. आपल्यासारखेच. मुली कमी झाल्या त्या हातात पैसा आला तिथं, आणि यंत्र आलं तेव्हा. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला १९८८ ला, देशात पहिला. केंद्राचा आला १९९४ ला. कायदे झाल्यावरही आकडा उतरतच गेला.

म्हणजे हे काम कुठल्या उसातल्या घरात, कुठल्या तुळसाबाईनं केलेलं नाही. तालुक्याच्या गावी, स्टँडजवळ, पहिल्या मजल्यावर झालंय. बाहेर पाटी आहे, इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. आत दिवे मंद केलेले असतात. पोटावर गार जेल लावतात. करड्या पडद्यावर करडं काहीतरी हलतं आणि तीन माणसं त्याच्याकडं टक लावून बघतात. अंधारी खोली, उजळलेला पडदा, श्वास रोखलेली माणसं. आपण सिनेमा म्हणतो त्याची व्याख्या यापेक्षा वेगळी आहे का? फक्त तिथं किंकाळी नव्हती. विहीर नव्हती. लेकराला भूत व्हायला जन्म तरी लागतो, तोच दिला नव्हता. कुणीतरी खुणेनं सांगायचं, पेढा की बर्फी, आणि माणसं एसटीनं घरी यायची. वाटेत चहा प्यायची. आणलेल्या बाईला कुणी काही विचारायचं नाही.

त्या खोलीचा चित्रपट अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. मी वाट बघतेय. तो धुमसताच असायला हवा, कारण त्यात घडत काहीच नाही. एक जिना, एक पाटी, नंबराची चिठ्ठी, आणि हळूहळू भरत जाणारं बाकडं. ती पाटी पहिल्या दृश्यात वाचताना काही वाटणार नाही, शेवटच्या दृश्यात तीच पाटी दिसली तर आपण पाय वर घेऊ. आज या सभागृहात दहावी-बारावीची मुलं बसलीत. कुणाला मोबाईलवर करायचा असेल तर माझ्याकडून कथेचे पैसे मागू नका, फुकट दिली.

दुसरी बाई जी लपाछपीत येत नाही, तिच्याबद्दलही बोललं पाहिजे. नेहा मोटारीतून उसात येते. पण आपल्या उसात आठव्या महिन्यातली बाई दर हंगामात असते, तिला भूत लागत नाही. ती बीडकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यामुळं ती बसली तर कोयता अर्धा होतो आणि आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. ती मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेते, पहाटे थंडीत वाडं वेगळं करते, आणि दिवस भरले की कोपीत बाळंत होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढून टाकलेलं निघालं. पाळीत खाडा पडू नये, दंड बसू नये, हे एक कारण होतं. मी हा आकडा वाचला त्या रात्री ‘लपाछपी’ पुन्हा लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. चित्रपटाची त्यात काही चूक नव्हती.

उसात आणखी एक बाळंतीण असते, तिचं कौतुक मात्र वर्तमानपत्रात येतं. जुन्नरकडं बिबट्याची मादी उसात पिलं घालते. अठरा महिने कुणी हलवत नाही असं जंगल तिला दुसरं कुठं मिळणार? तोड सुरू झाली की सरीत डोळे मिटलेली पिलं सापडतात. मग वनखात्याची माणसं ती पेटीत ठेवून रात्री तिथंच ठेवतात, आणि मादी येऊन एकेक पिलू तोंडात धरून नेते. ती रात्रीची चित्रफीत मी पाहिली आहे. हिरवट अंधार, पेटी, आणि बराच वेळ काहीच नाही. दोन-अडीच मिनिटं काहीच नाही. मग उसाची कड हलते. कुठल्याही दिग्दर्शकानं ती दोन-अडीच मिनिटं कापली असती.

तोडीचं निघालं म्हणून. मघापासून घड्याळ बघणारे आहेत त्यांना सांगते, मी शेवटच्या चार सऱ्यांवर आलेय.

प्लॉट तुटत आला आणि शेवटच्या चार सऱ्या राहिल्या की आमच्या गावची सगळी पोरं काठ्या घेऊन कडेनं उभी राहायची. कारण दीड वर्षात त्या उसात जे जे लपलं होतं ते सगळं सरकत सरकत तिथं गोळा झालेलं असतं. ससा निघायचा, कोल्हा निघायचा, एकदा रानडुकराची आख्खी पिलावळ निघाली होती. आणि वस्तू. हरवलेलं खुरपं, एक चप्पल, रबरी चेंडू, दारं धरताना कुणाच्या तरी हातून पडलेली बॅटरी. आम्ही हरखून जायचो. आजी बांधावर बसलेली असायची, तिचं या कशाकडं लक्ष नसायचं.

आजीनं आम्हाला उसात लपाछपी खेळायला बंदी केली होती. ‘उसात कुनी हाक मारली तर पहिल्या हाकंला जाऊ नगा, दुसऱ्या हाकंलाबी नगा,’ म्हणायची. तिसऱ्या हाकेला जायचं, कारण त्यांना दोनच हाका मारता येतात. ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, हे विचारलं की ती गप्प. आम्ही अर्थातच खेळलो. एकदा राज्य माझ्यावर होतं आणि उसातून मला हाक आली, बारीक आवाजात, माझ्या नावानं नाही, नुसतं ‘ये गं’. मी वळून मोजलं तर सगळी पोरं बाहेर होती. आता या वयात त्याचं काय सांगू? शेजारच्या रानात कुणी असेल. वारा असेल. मी मात्र तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले, आणि ती आली नाही.

आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या विहिरीच्या थारोळ्याशेजारी साती आसरांचे सात दगड मांडलेले होते, शेंदूर फासलेले, ओळीनं. ती दर अवसेला त्यांना हळदकुंकू वाहायची. घरात तिची पोरं किती झाली, किती जगली, हे कुणी काढायचं नाही. चार जगली, सगळे मुलगे, एवढंच आम्हाला ठाऊक. लहानपणी मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. तिनं सातांना कुंकू लावलं, आणि मग ओळीच्या जरा बाजूला, गवत बोटानं सारून, आणखी दोन खड्यांना लावलं. चिंचोक्याएवढे खडे. मी म्हटलं, आजी, आसरा सात असतात, हे नऊ झाले.

ती म्हणाली, ‘त्या दोघी बारक्या हायत. मोठ्यानं बोलू नगंस.’